दोन रकान्यांचा तक्ता

झाकणकाका लिहायला बसले की पेन उजव्या हातात आणि डावा तळवा कागदावर आडवा. एक ओळ लिहून झाली की तळवा एक ओळ खाली सरकायचा. सामानाची यादी असो नाही तर पेशंटची नोंद, काकांच्या लेखी दोन्ही गुपितंच. शाळेत असताना बाकावरच्या शेजाऱ्याने त्यांचं गणित बघून उतरवलं, गणित चुकीचं निघालं आणि मार दोघांनी खाल्ला, तेव्हापासूनची ही सवय. हे त्यांच्या बायकोने सांगितलं म्हणून लोकांना कळलं. काकांनी स्वतः जन्मात सांगितलं नसतं.

नोकरीही त्यांना स्वभावाला साजेशीच मिळाली. चौकातल्या औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, रक्ततपासणीची लॅब होती. पुढच्या खोलीत सहा खुर्च्या आणि काउंटर, मधल्या खोलीत पडद्याआड रक्त काढायची जागा, मागे मशिनं. आणि गच्चीच्या जिन्याखाली नोंदींची खोली, इतकी अरुंद की आत गेलेल्याला वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागे. या खोलीची किल्ली सत्तावीस वर्षं काकांच्या कमरेला होती. लॅबमधली माणसं समोर त्यांना काका म्हणत आणि पाठीमागे झाकण. पुढे पुढे दोन्ही शब्द एकत्र झाले आणि तेच नाव पडलं.

"मी तिचा नवरा बोलतोय, रिपोर्ट काय आला?" असा फोन आला की काका म्हणत, "नवरा आहात ना, मग बायकोलाच विचारा की." एकदा त्यांचा सख्खा साडू तपासणी करून गेला. घरी बायकोने सहज विचारलं, "काय निघालं हो?" काका म्हणाले, "निघालं ते त्यांना दिलंय." ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी साडूने स्वतःच फोन करून साखर वाढल्याचं सांगितलं, तेव्हा ती काकांना म्हणाली, "तुम्ही मेलात तर तेही मला शेजाऱ्यांकडूनच कळेल."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काकांचं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी ते पाणीसुद्धा फुंकून पीत. सफाईवाल्या मावशी कचऱ्याचा डबा घेऊन निघाल्या की काका त्यात डोकावणार. काउंटरवरच्या मुलीने मोबाइल उचलला की त्याचं तोंड कुठल्या फाइलकडे आहे ते बघणार. रक्त काढणारा मुलगा, ज्याला सगळे भाऊ म्हणत, बडबड्या, म्हणून त्याच्यासमोर पेशंटचं नाव घ्यायचं नाही, नंबर सांगायचा. माणूस माहिती मागतो म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी आहे, अशी काकांची ठाम समजूत होती आणि ती सत्तावीस वर्षांत एकदाही कुणाला हलवता आली नव्हती.

दुसरी सवय काटकसरीची. सुतळीचे तुकडे, बोटभर उरलेल्या पेन्सिली आणि पाठकोरे कागद, म्हणजे एका बाजूने छापलेले, मागून कोरे, हे टाकून दिलेले त्यांना बघवत नसे. फॉर्म भरताना कुणी गिचमिड केली की काका नवा फॉर्म देत, जुन्यावर लाल पेनाने 'रद्द' लिहून खाली सही ठोकत आणि तो खालच्या खणात सारत. रद्द झाला म्हणजे संपला. मागची बाजू मात्र कोरी असे, ती कुठे संपली होती? खण भरला की तो गठ्ठा नातीच्या पाळणाघरात जाई. चार वर्षांची नात आणि तिच्याबरोबरची दहा मुलं त्यावर हत्ती काढत. कागद देताना काका पाळणाघराच्या ताईंना दर वेळी बजावत, "कोरी बाजू वर. पोरांना छापील बाजूवर रेघोट्या मारायची सवय लागायला नको."

पाळणाघराच्या ताई म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणारी पंचेचाळिशीची बाई. नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं, तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि भिंतीवर अकरा पिशव्यांसाठी अकरा खुंट्या. काकांची सून नोकरीला जायची, तेव्हा नातीने पहिलं पाऊल टाकलं ते ताईंच्या घरात. घरच्यांना ते संध्याकाळी कळलं. ताई वर्षातून दोनदा लॅबमध्ये रक्त द्यायला यायच्या. त्यांना यकृताचा जुना आजार होता, औषधाने आटोक्यात ठेवलेला. मुलांना जवळ घेतल्याने, भरवल्याने तो पसरत नाही, हे लॅब चालवणाऱ्या मॅडमनी त्यांना पहिल्याच वेळी सांगितलं होतं. तरी ताईंनी तो कुणालाही सांगितला नव्हता आणि काकांना ठाऊक असूनही त्यांनी सुनेलासुद्धा सांगितला नव्हता. काकांचा तो अभिमान होता.

मग लॅबला परदेशी काम मिळालं. तिकडच्या एका कंपनीच्या पेशंटांचे आकडे इथे तपासून परत पाठवायचे. त्यासाठी संगणकाचं बघायला एक तरुण माणूस ठेवला, ज्याच्या खिशातून कायम एखादी वायर लोंबत असे. काकांनी त्याचं नाव वायरवाला ठेवलं आणि त्याला पहिल्या दिवसापासून संशयाच्या यादीत वरचा नंबर दिला. कंपनीची माणसं पाहणीला येणार होती आणि त्यांना विचारायचं होतं की माहितीच्या गुप्ततेबद्दल तुमचा कायदा काय म्हणतो, आमचा काय म्हणतो, आणि जिथे फरक आहे तिथे तुम्ही काय करता. मॅडमनी दोन जाडजूड कायदे काकांच्या टेबलावर ठेवले. "काका, एवढं वाचण्याचा धीर तुमच्याशिवाय कुणाकडे नाही. दोन रकाने करा. आपला आणि त्यांचा."

काका महिनाभर त्यात बुडाले. जेवताना वाचत, बसमध्ये वाचत, अर्थात पानावर तळवा ठेवून. कायदा म्हणजे त्यांना आपलाच कुणी दूरचा नातेवाईक भेटल्यासारखं झालं. त्यांच्यासारखाच शंकेखोर! माहिती कशाला हवी ते आधी सांग, लागेल तेवढीच घे, काम झालं की टाक. तक्ता वाढत गेला. त्यांच्याकडे आजाराच्या माहितीला वेगळं, जास्त कडक कुलूप. आपल्याकडे जोड्याचा नंबर आणि आजाराचं नाव एकाच माळेचे मणी. त्यांच्याकडे माहिती फुटली तर सरकारी कचेरीला बहात्तर तासांत कळवा आणि नुकसान मोठं असेल तर त्या माणसालाही विनाविलंब सांगा. आपल्याकडेही कळवा, पण नियम अजून पुरते लागू व्हायचे होते. त्यांच्याकडे माणूस म्हणू शकतो, माझी माहिती पुसून टाका. आपल्याकडेही म्हणू शकतो, पण अटी वेगळ्या. आणि सोळाव्या ओळीत काकांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'कागद. आपला कायदा: संगणकात गेलेली माहितीच तेवढी. त्यांचा कायदा: फाइलला लावलेला किंवा लावायचा असलेला कागदही.'

ती ओळ वाचून मॅडम म्हणाल्या, "बघा, तुमच्या जिन्याखालच्या खोलीला परदेशात जास्त मान आहे." काका खूश झाले. पाहणी पुढच्या गुरुवारवर आली होती.

आदल्या आठवड्यातल्या मंगळवारी ताई लॅबमध्ये आल्या. रक्त द्यायचा दिवस नव्हता. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, काउंटरपाशीच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं दुखणं बाहेर कुणी सांगितलं?"

चार दिवसांत पाच मुलं गेली होती. एका आईने दारातूनच पिशवी मागितली. दुसरीने विचारलं, "तुम्हाला रक्तातली कावीळ आहे म्हणे?" कुणी सांगितलं म्हटलं तर म्हणे, ऐकलं. ताई म्हणाल्या, "मी डॉक्टरांना सांगितलंय आणि तुम्हाला. डॉक्टर दुसऱ्या गावचे. राहिलं कोण?" मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी काकांकडे बघितलं. ताईंनीही बघितलं, पण काकांवर संशय घ्यावा असं दोघींच्याही मनात आलं नाही. कुंपणावर कोण संशय घेतो?

"काका, शोधून काढा," मॅडम म्हणाल्या. "पाहणीच्या आत."

काकांना आयुष्यभर जे काम करावंसं वाटत होतं ते आता हुकमाने मिळालं. त्यांनी सफाईवाल्या मावशींना विचारलं की तुमची बहीण त्या गल्लीत राहते का. मावशी म्हणाल्या, "माझी बहीण वारली, काका. तुम्ही आला होतात की सांत्वनाला." त्यांनी काउंटरवरच्या मुलीचा मोबाइल मागितला, तिने दिला आणि दिवसभर रडत काम केलं. भावाला विचारलं, तर त्याने ताईंचं नावच आपल्याला ठाऊक नाही असं शपथेवर सांगितलं, आणि ते खरंही होतं, कारण काकाच त्याला नंबर सांगायचे. मग उरला वायरवाला. तो सगळ्यांच्या नंतर एकटा थांबतो. तो फोनवर परक्या भाषेत बोलतो. त्याच्या खिशात अंगठ्याएवढी एक डबी असते आणि तिच्यात म्हणे अख्खी लॅब मावते. आणखी काय हवं?

वायरवाला शांतपणे म्हणाला, "काका, संगणकात कुणाची नोंद कुणी उघडली याची यादी राहते." त्याने यादी छापून दिली. ताईंची नोंद या वर्षात दोनदाच उघडली होती. एकदा काउंटरवरून, भरताना. दुसऱ्यांदा काल दुपारी, काकांनी, शोध घेण्यासाठी.

"यादी कोण ठेवतो?" काकांनी विचारलं.

"मीच."

"मग झालं तर. चोराच्याच हातात वही."

बुधवारी काकांनी तळव्याआड दीड पान लिहून मॅडमना दिलं आणि दुसऱ्या दिवशी, त्याच आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी, वायरवाल्याला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. जाताना त्याने नोंदींच्या खोलीच्या दारात उभं राहून म्हटलं, "काका, एकदा तरी मला 'तू केलंस का' असं विचारायचं होतंत. तुम्ही सगळं विचारलंत, तेवढं सोडून." काकांनी मान वर केली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी काका घरी आले तेव्हा सून फ्रिजच्या दारावर नातीचं नवं चित्र लावत होती. चुंबक छोटा, कागद जाड, तो निसटून जमिनीवर पालथा पडला. काका उचलायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. फॉर्मवर कुणा अनोळखी माणसाचं नाव, वय, पत्ता, 'दारू: रोज' असं प्रामाणिक उत्तर, त्यावर लाल 'रद्द' आणि खाली काकांची सही.

"काय झालं, कंबर धरली का?" बायकोने विचारलं.

काकांची कंबर नव्हती धरली. त्यांना सहा महिन्यांपूर्वीची एक सकाळ आठवली. ताई कडेवर एक पोर घेऊन आल्या होत्या, पोराने पेन हिसकलं आणि भरलेल्या फॉर्मवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघोटी ओढली होती. काकांनीच हसून नवा फॉर्म दिला होता. जुना कुठे ठेवला हे आठवायची गरजच नव्हती. सत्तावीस वर्षं ते एकाच खणात ठेवत आले होते.

ते तसेच चप्पल अडकवून निघाले. ताईंच्या शेजारची शिंपीणबाई आपल्या मुलाला पाळणाघरातून काढणाऱ्यांत पहिली होती. काकांनी दारातच विचारलं, "पोराने आणलेलं एखादं चित्र आहे का घरात?" तिने आधी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग मशिनच्या खणातून घडी घातलेला कागद काढला. एका बाजूला जांभळा हत्ती. दुसऱ्या बाजूला ताईंचं अक्षर, आजाराच्या ओळीवरून गेलेली रेघोटी, 'रद्द', सही. रेघोटीआडून सगळं नीट वाचता येत होतं.

"भिंतीला लावायला घेतला तर मागे हे," ती म्हणाली. "मी कुणाला वाईट नाही बोलले. फक्त फोटो काढून चौघींना पाठवला. आपल्या पोरांचा प्रश्न आहे, काका. तुम्हीही आपल्या नातीला काढा तिथून."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. काका कागद मागून घेऊन परत आले. वाटेत त्यांना मावशी आठवल्या, ती रडणारी मुलगी आठवली, आणि वायरवाल्याचं शेवटचं वाक्य तर घराच्या दारापर्यंत बरोबर चालत आलं.

शनिवारी सकाळी त्यांनी हत्ती मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी तो उलटा केला, वाचला. मग खुर्चीत मागे टेकून त्यांनी चक्क सुटकेचा श्वास सोडला.

"म्हणजे संगणकातून नाही गेलं."

"नाही."

"हा फॉर्म संगणकात भरलाच नव्हता?"

"नाही. रद्द केलेला. नवा भरला तो गेला संगणकात."

मॅडमनी काकांचा तक्ता काढला आणि सोळाव्या ओळीवर बोट ठेवलं. "मग काका, हे आपल्या कायद्यात बसतच नाही. आणि ताई काही परदेशी नाहीत, त्यामुळे त्यांचा कायदाही लागत नाही. तुम्हीच लिहिलंय." त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वायरवाल्याला मी परत बोलावते. खण आजच रिकामा करा. आणि ताईंना सांगा, शोध घेतला, काही सापडलं नाही. येत्या गुरुवारी माणसं येतायत. पंधरा जणांच्या नोकऱ्या आहेत इथे."

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. एकही शब्द चुकलेला नव्हता. परदेशातली बाई असती तर तिला आज पत्र गेलं असतं. ही आपली, म्हणून हिला काही कळायचं नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असं ऐकलं होतं, इथे आपलंच कार्टं ठरत होतं.

"मी ताईंना सांगणार," काका म्हणाले.

"काका."

"मला तोंड दाखवायचंय त्यांना. नात जाते माझी तिथे."

मॅडम चांगल्या बाई होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात पुढे आला. "मग किल्ली ठेवून जा."

काकांनी कमरेची किल्ली सोडली. गाठ सत्तावीस वर्षांची होती, सुटायला वेळ लागला. शेवटी मॅडमनीच कात्री दिली.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांनी पत्र लिहिलं. परदेशी कायद्यात असं पत्र कसं लिहायचं ते दिलं होतं: काय फुटलं, कसं फुटलं, त्याचा काय परिणाम होईल, आम्ही काय करतो आहोत. काकांनी तोच क्रम धरला, दोन्ही बाजूंनी कोऱ्या कागदावर. 'तुमचं नाव, पत्ता आणि आजार माझ्या हातून बाहेर गेला. तुमचा रद्द केलेला फॉर्म मी फाडला नाही, पाठकोरा म्हणून तुमच्याकडेच मुलांसाठी दिला. शिंपीणबाईंच्या घरून तो परत आणला आहे, पण त्याचा फोटो चार जणींकडे गेला आहे. यात दुसऱ्या कुणाचाही दोष नाही.' चौथ्या मुद्द्यावर ते अडले. आम्ही काय करतो आहोत? काहीच सुचेना. बायको चहा ठेवायला आली तेव्हा तिने पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं आणि ते वाचू देत आहेत हे पाहून ती घाबरली.

ताईंच्या दारात गेले तेव्हा अकरा खुंट्यांवर चारच पिशव्या उरल्या होत्या. त्यातली लाल फुलांची नातीची. काकांनी पत्र दिलं, हत्ती दिला. ताईंनी उभ्यानेच वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी हत्तीकडे पाहिलं.

"हा मीच वाटला," त्या म्हणाल्या. "माझ्या हातांनी. कोरी बाजू वर करून."

हत्ती त्यांनी पत्राच्या मागे सरकवला.

"तुम्ही मागे सांगत होतात, त्या बाहेरच्या कायद्यात माहिती पुसून मागता येते."

"येते."

"ज्यांनी वाचली त्यांच्या डोक्यातलीसुद्धा?"

"नाही ताई. तसा रकाना कुठेच नाही."

ताईंनी पत्राची घडी घातली. आवाज चढला नाही, त्यामुळे ऐकणं जास्त जड गेलं. "ज्या आया मुलं घेऊन गेल्या, त्यांच्या दारात जायचं आणि सांगायचं, कागद तुमचा होता, चूक तुमची होती."

"जातो. आजच जातो. आणि आजाराचं काय सांगू? तो पसरत नाही, एवढं तरी..."

"एक अक्षर नाही. तो सांगायचा की नाही, कसा सांगायचा, ते मी ठरवीन. ते माझं आहे, काका. एवढं तरी माझं राहू द्या."

काकांनी मान हलवली. महिनाभर वाचलेले दोन्ही कायदे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा नीट समजले, आणि समजून काही उपयोग नव्हता.

"उद्यापासून नातीला..." ते अडखळले.

"पाठवा. तिने काय केलंय? मी चालायला शिकवलंय तिला. पण तिच्याबरोबर कागद पाठवू नका. दोन्हीकडून कोरा असला तरी नको."

मग त्या मुलांच्या बुटक्या टेबलापाशी बसल्या, नवी वही काढली आणि लिहू लागल्या. कुणाला लिहिताहेत, आयांना, सरकारी कचेरीला, की मॅडमना, ते काकांना कळेना. सत्तावीस वर्षांच्या सवयीने त्यांची मान किंचित पुढे झाली.

ताईंनी वर पाहिलं नाही. डावा तळवा कागदावर आडवा ठेवला आणि त्या लिहीत राहिल्या.